वाचून दाखवतो का

महात्मा गांधी रोडला, जिन्याखालच्या साडेचार फुटांत
माझं दुकान. वर पाटी : ‘सर्व कंपन्यांचे मोबाईल दुरुस्त’.
त्यातला ‘सर्व’ हल्ली मला खोटा वाटतो.

मंगळवारी विश्वंभर गायधनी आले,
रामकुंडावरचे उपाध्ये, धोतराचा काठ ओला,
फोन रुमालात बांधलेला.
“रात्री बंद करून निजतो गं,
सकाळी बघावं तर बॅटरी अर्धी.
घरात मी एकटा. वापरतं कोण?”

पाठ उघडली, बॅटरी काढली,
सप्लायचे दोन चिमटे लावले.
फोन बंद. पडदा काळा.
मीटरचा आकडा मात्र शून्यावर येईना.
तीन, तीन, तीन,
मग एकदम एकशे ऐंशी,
पुन्हा तीन.
झोपेचं सोंग घेतलेलं पोर
पापणीच्या फटीतून बघतं, तसं.

मायक्रोस्कोपखाली त्यांना दाखवलं :
ही मोठी चिप, हिला तुमची बोटं कळतात.
ही शेजारची, करंगळीच्या नखाएवढी,
हिच्यावर नुसता नंबर. हिचा नकाशा कंपनी कुणाला देत नाही.
बारा वर्षं झाली मला या कामात,
हिला उतरवते, पुन्हा बसवते,
हिच्या पोटातलं मला वाचता येत नाही.
ही परस्पर टॉवरशी बोलते. काय बोलते?
कुठं होता, किती वाजता,
कुणाच्या शेजारी किती वेळ, असं असावं.
असावं, म्हटलं मी. माहीत आहे असं नाही म्हटलं.

गायधनींनी भिंगावरचा डोळा बराच वेळ काढला नाही.
मग एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं,
“लिहून झाल्यावर वाचून दाखवतो का?”
“कोण?”
“जो लिहितो तो. आम्ही वाचतो.
यजमान मान डोलवतो, मग सही.”

आमचं घर मूळ तांबट आळीतलं.
बोर्डावरच्या या रेषाही तांब्याच्याच,
यांना ठोकताना आळी जागी होत नाही एवढंच.
आजोबांनी घडवलेला जड तांब्या दुकानात आहे.
त्यातले स्क्रू ओतले, फोन चालू करून आत ठेवला,
झाकण दाबलं, माझ्या फोनवरून लावला.
संपर्क क्षेत्राच्या बाहेर, बाई म्हणाली.
गायधनींनी टाळी वाजवली, खरंच, सत्तरीचा माणूस.
तेवढ्यात झाकण केसभर सरकलं असावं.
तांब्या घणघणायला लागला.

पैसे घेतले नाहीत. “मग वही बघायला ये,” म्हणाले.

गुरुवारी गेले.
लाल फडक्यातली लांबट वही, मांडीभर.
त्यांनी बोट ठेवून खणखणीत वाचलं :
सखाराम येसू कडवे, तांबट, वारले.
मुलगे दामोदर, पुंजाजी, रंगनाथ.
खाली बाबांची सही, ‘द’चा पाय लांब ओढलेला.
घशात काहीतरी आलं.
मग म्हटलं, “आणि आत्या? भावंडं चार होती.”
पान उलटलं. परत उलटलं.
“त्या काळी मुलींची नावं...”
पुढचं त्यांनी फडक्यात गुंडाळलं.

मथुरा आत्या. कोळशाच्या धुरात बसून
अख्ख्या आळीच्या भांड्यांना कल्हई लावायची.
त्या नखाएवढ्या चिपनं तिला वगळलं नसतं.
तिचा खोकलासुद्धा मोजला असता.
रामसेतूवरून घरी येईपर्यंत मी यावरच अडकणार होते,
हे तिथंच कळलं.

गायधनींनी पेनाचं टोपण काढलं.
“तुझं लिहू?”
आधी आत्याचं सांगितलं.
त्यांनी लिहिलं, वाचलं. मी मान हलवली.
मग माझं. वाचलं. मान हलवली.
“राहणार?”

मी गप्प झाले.
दुकानातून निघतानाच बंद केलेला फोन
खिशात, मांडीला
कोमट लागत होता.