ई, १९५६

आमच्या धंद्यात 'सुंदर' म्हणजे
चेहरा अर्धा पुसलेला.
'अतिसुंदर' म्हणजे खूप हातांतून गेलेलं, पण वाचता येतं.
आणि पाकिटावर 'नीट जपलेलं' लिहिलं असेल
तर पैसे खिशातच ठेवा,
आत नुसती चकती असते.
जर्मन पारख्यांची ही सभ्यता
उलिगसाहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवली,
फ्रायबर्गच्या खानावळीतल्या मागच्या खोलीत,
दुसऱ्या गुरुवारी,
टेबलाच्या एका टोकाला बिअर, दुसऱ्या टोकाला नाणी.

रोसविथा हाउबोल्ड आल्या तेव्हा
पावणेनऊ झाले होते, अर्धे लोक कोट चढवत होते.
सुयांच्या डबीत कापूस,
कापसात एक मार्क. ॲल्युमिनियमचा.
असले मार्क आम्ही किलोवर घेतो.
मी तागडीकडे हात नेला
आणि उलिगसाहेब म्हणाले, थांब.

साल छप्पन्न.
सालाजवळ ए हवा, बर्लिनचा.
आमची मुल्डेनह्युटेनची टांकसाळ त्रेपन्नातच बंद पडली,
वितळभट्ट्यांच्या धुरातली, नदीकाठची.
तिचं अक्षर ई.
आणि इथे, छप्पन्नच्या या हलक्या, राखाडी तुकड्यावर
ई.

कोणी बोललं नाही.
ग्लाउखाऊचा दंतवैद्य एक बाही चढवून तसाच उभा.
असं नाणं एकाही सूचीत नाही.
नाही, म्हणूनच त्याची किंमत
माझ्या मोटारीएवढी. कदाचित दंतवैद्याच्या.

उलिगसाहेबांनी दिवा आडवा केला.
वरून उजेड टाकला की नाणं थापा मारतं,
कडेने टाकला की कबुली देतं,
एवढं आता मलाही कळतं.
दहापट भिंग. मग वीसपट.
मग चष्मा काढून, उगीचच, नुसत्या डोळ्यांनी.

"ए तासून काढलाय.
भोवतालची जमीन खरवडून, धातू ढकलत ढकलत
उभं केलंय हे. बघ, इथे खळगा."
मी पाहिलं.
केसाएवढा खळगा, आणि त्यात
तीन दातांचं अक्षर, ताठ.
दंतवैद्याने दुसरी बाही चढवली.

बाईंना नवल वाटलं नाही.
वडील ठसे कोरायचे, म्हणाल्या. आर्नो.
टांकसाळ गेली, मग भट्टीवर लागले.
नवे मार्क आले त्या हिवाळ्यात, एका रविवारी,
पगारातला एक बाजूला काढून
स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले.
आईने सूप दोनदा गरम केलं.
मग तो मार्क कधी मोडला नाही,
आम्ही उधारीवर कोळसा आणला तेव्हाही नाही.

म्हणून झीज अशी, एकाच बाजूला,
अंगठ्याएवढी.
बाजारात फिरलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं.

उलिगसाहेब भाव सांगताना अडखळत नाहीत.
"ए असता तर थोडे सेंट. हात चालवलाय, म्हणून तेही नाहीत.
आणि ई असता..."
"ते नाही विचारलं मी," बाई म्हणाल्या.
"काम कसं आहे?"

त्यांनी पुन्हा भिंग लावलं.
या वेळी बराच वेळ. कुणीतरी खोलीतला मोठा दिवा मालवला,
खानावळवाल्याला घरी जायचं होतं.
"मधला दात जरा आखूड," ते म्हणाले,
"तिथे तसाच कोरायचे.
फसवायला बसलेला माणूस
एवढं लक्षात ठेवत नाही."

मग पुठ्ठ्याचं पाकीट घेतलं.
एक मार्क. १९५६. ई.
श्रेणीच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
आणि त्यांनी लिहिलं: सुंदर.
नियमाने बरोबरच होतं ते.
चेहरा अर्धा पुसलेला होता.
भावाचा रकाना कोरा.

बिलाची मोड मी गल्ल्यावरच चाळली,
सवयीने, अक्षरं बघत.
एक डी. दोन जी. एक ए, बर्लिनचा, अजून कोरा करकरीत.
एक एफ.
ती मी डी शेजारी ठेवली,
मधे एका नाण्याची जागा सोडून,
आणि खानावळवाला म्हणाला,
काय कमी पडलं का?