जिथे टोपी नाही

लिफ्ट बंद, म्हणून मुळांची पोती
हुर्मतआपा खांद्यावरून पाचव्या मजल्यावर आणते.
शिराचची मुळं.
ताश्कंदपलीकडच्या डोंगरात मे महिन्यात
छातीइतका फुलोरा येतो त्याला, लोक फोटो काढतात.
आमचं काम खाली,
कोळ्यासारखे पाय पसरून बसलेल्याशी.

वाळवायची, दळायची, ऊन पाण्यात भिजत घालायची.
पाणी जड होतं, खळीसारखं.
मग अल्कोहोल ओतायचं, हळूच,
आणि आपा, पस्तीस वर्षांनंतरही, श्वास रोखते:
पांढरे धागे वर येतात,
आत कुणी सूत कातत बसल्यासारखे.

माझे वडील बूट शिवायचे, चोरसू बाजारामागे.
तळ, टाच, मध्ये बोटभर हीच खळ.
का चिकटतं, मी विचारायचे.
चिकट आहे म्हणून, ते म्हणायचे.
आता तोच प्रश्न मी पगार घेऊन विचारते.

साखरा दोनच निघाल्या, ग्लुकोज आणि मॅनोज.
पण मणी मोजले म्हणजे माळ कळली असं नाही.
कुणी कुणाला धरलंय, कुठल्या हातानं?

रीत उलटी आहे.
जो जो हात मोकळा, त्याला मिथिलची टोपी घालायची.
एकही सुटता कामा नये.
मग आम्लात उकळून अख्खी माळ तोडायची.
मणी सुटे होतात,
आणि जिथे टोपी नाही
तिथे कुणीतरी होतं.

मार्चमध्ये माझ्या टोप्या अपुऱ्या पडल्या.
जिथे कधीच कुणी नव्हतं तेही हात उघडे दिसले.
दीड महिना मी नसलेली नाती वहीत मांडत होते.
आपा बोलली नाही. बाटल्या धुतल्या,
पुढचं पोतं आणायला खाली गेली.

आता: दोन, टोपी. तीन, टोपी. सहा, टोपी.
चार उघडा.
पुन्हा चार. पुन्हा चार.
क्वचित सहाही उघडा, तिथून फांदी फुटली होती.

रविवारी वडिलांना सगळं सांगितलं.
त्यांनी चहाचा पेला पालथा घातला.
"म्हणजे तोडल्याशिवाय कळत नाही?"
नाही, म्हटलं.
माझा डावा बूट त्यांनी मघाच काढून घेतला होता,
उसवलेल्या टाचेत बोट घालून बघत होते.
"रात्रभर वाळू दे," म्हणाले,
"अनवाणी जा घरी."