माती दे

एस्सेनमध्ये आता कोळसा निघत नाही.
खाणी मिटल्या; त्यांच्या लोखंडी चाकांखाली
शाळेच्या सहलीची मुलं फोटो काढतात.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गालिचा घातलेल्या खोलीत,
दुसऱ्याच खाणीत उतरतो
डोक्याला दिवा न बांधता.

माझ्या वाट्याला शामी अरबी.
दमास्कसपासून अलेप्पोपर्यंत तोंडातून जे जे निघतं ते.
एका नोंदीला पंचेचाळीस सेकंद.
ठेवा. काढा. वर पाठवा.
शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर आलात
तर नोकरी शाबूत.

यंत्राला मरण फार लांबून ऐकू येतं,
आणि आमच्याकडे मरणाशिवाय कुणी लाडच करत नाही.
'तू मला माती दे,' म्हणते आई.
म्हणजे तू मागे राहा, मी आधी जाईन,
एवढं एकच मागणं.
भाजीवालासुद्धा म्हणतो, दोन लिंबं जास्त टाकताना.
यंत्र ते पकडून आणतं, कॉलरीला धरून:
स्वतःला इजा. दफन. तातडीचे.
मी ठेवतो. ठेवतो. ठेवतो.

माझी उत्तरं तपासते ती वीब्के
एकदा खुर्ची सरकवून जवळ आली.
'पण शब्दशः अर्थ तर तोच ना?'
हो, म्हटलं, शब्दशः तोच.
तिने गुण कापला.
वाईट नाही ती; पुदिन्याचं रोप मला तिनेच दिलं,
दह्याच्या डब्यात लावून.

मंगळवारी, जेवणानंतरच्या जड वेळेला,
पडद्यावर एक मुलगा.
पुढचा दात पडलेला, हातात कलिंगडाची फोड,
रस कोपरापर्यंत ओघळलेला.
खाली उम्म निझार नावाच्या बाईने लिहिलेलं:
तू मला माती दे, तैसीर.

बोट 'ठेवा'वर गेलंच होतं.
पण हे कुणीतरी आधीच काढलेलं,
कुठल्या शहरात, कुठल्या रात्रपाळीत, कोण जाणे,
आणि बाईने दाद मागितलेली.
'आपले म्हणणे थोडक्यात मांडा' असा चौकोन असतो.
त्यात लोक शिव्या घालतात, वकिलाचं नाव सांगतात.
तिने लिहिलं होतं:

बेटा, तू कोण मला माहीत नाही.
फोटो फोनमध्ये होता, फोन घराखाली गेला.
तुमच्याकडेच तेवढा उरलाय.
त्याने मला द्यायची होती.
मी त्याला दिली.
परत कर रे. तू मला माती दे.

तीस सेकंद.
यंत्र पहिल्यांदाच बरोबर निघालं होतं
आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

यादी वरून खाली पाहिली:
हिंसा, द्वेष, नग्नता, फसवणूक, इजा.
कलिंगड खाणाऱ्या मुलासाठी काहीच नाही.
अठरा.
'ठेवा' दाबलं. खिडकी उघडली: कारण निवडा.
कारणाशिवाय फोटो परत जात नाही,
आणि 'इतर' मार्चमध्ये काढून टाकलं,
लोक फारच वापरायला लागले होते म्हणे.
चार सेकंद उरले असताना निवडलं:
लाडाचा वाक्प्रचार.

नोंद गेली.
पुढची आली, कुणाचीतरी बनावट घड्याळं.

गुरुवारी वीब्केचा शेरा: बरोबर.
'हे बघ, आता मलाही कळायला लागलंय,' म्हणाली, हसली.
मीही हसलो असेन.

घरी येऊन पुदिना मोठ्या कुंडीत लावला.
माती इथलीच, दुकानातली, पिशवीतून तोलून घेतलेली,
कोळशासारखी काळी.
नखांत गेली.
नळ सुरू केला, आणि हात
तसेच धरून उभा राहिलो, पाण्याच्या बाजूला.