सरवा

उपासना सुटली की पाळकसाहेब पायरीवर
माझा हात धरून सगळ्यांदेखत म्हणतात,
शास्त्रातली ती परमुलखातली सून
आमच्या इंदूरच्या छावणीत राहते बरं.
बायका मान डोलावतात.
मी चपला शोधत राहते.

तिची गोष्ट मला पाठ आहे.
सासू परत जा म्हणाली आणि ही गेली नाही,
कापणीवाल्यांच्या मागे वाकून सरवा वेचला,
मग शेताचा मालक आला.

माझ्या गोष्टीत मालक म्हणजे बाफना शेठ,
मंडीत त्यांच्या काट्यावर मी
सकाळी नऊपासून तोलपावत्या लिहिते.
वय पंच्याहत्तर. माणूस चांगला.
दिवाळीला पगारासोबत पाव किलो शेव देतात.

आणि ती दुसरी सून, जी परत गेली?
तिचं नाव कुणी मुलीला ठेवत नाही.
आमच्याकडे ती ज्योत्स्ना होती, माझी धाकटी जाऊ.
त्या एप्रिलात बारा दिवसांच्या अंतराने
शांतवन गेला, मग मनोहर भाऊजी,
जूनमध्ये ती लेकरं घेऊन नगरला माहेरी.
निघताना आईंच्या गळ्यात पडून जशी रडली
तशी मी अजून रडलेले नाही.
महिन्याला हजार रुपये पाठवते, न चुकता.
तिच्यावर कुणी प्रवचन करत नाही.

खरं सांगायचं तर मीही निघाले होते.
सरवटे स्टँड, रात्रीची अकोल्याची गाडी,
खिडकीजवळची जागा, मांडीवर बॅग.
आई दारात म्हणाल्या होत्या, जा गं,
मागे बघू नकोस, मीठ होतं माणसाचं.
मला वचन आठवलं नाही,
मरेपर्यंतची ती शपथ तर नाहीच,
तिची मुदत संपली होती.
आठवलं ते इन्सुलिन.
आमचा फ्रिज बंद, बाटली शेजारी राठोडांकडे,
आणि राठोड पहाटेच कुलूप लावून
उज्जैनला लग्नाला जाणार.
कंडक्टर म्हणाला, पैसे वापस नहीं होंगे, मॅडम.
म्हटलं, राहू द्या.

एवढीच माझी निष्ठा.
पंधरा युनिटं, पोटावर,
कालच्या जागेपासून बोटभर लांब.

दार नुसतं लोटलेलं होतं.
मागच्याच आठवड्यात गल्लीत चोरी झालेली,
आणि डोळ्यांनी अधू बाई
कडी न लावता अंधारात बसलेली.
मी काही विचारलं नाही.
म्हणाल्या, भात जास्तच झाला आज.

आता संध्याकाळी मी आले की
त्या उंबऱ्याशी बसतात,
माझ्या चपला उलट्या करून झटकतात,
ओढणीची घडी उलगडतात,
फरशी चाचपत एकेक दाणा वेचतात.
हा शरबती. हा लोकवन.
हा डॉलर हरभरा, अर्धाच,
कुणाच्या तरी टाचेखाली आलेला.
पत्र्याच्या डब्यात टाकतात
आणि डबा कानाशी नेऊन हलवतात.

पुरे ना आई, म्हणते मी, उंदीर होतील.
कधी चार चार दिवस आम्ही बोलत नाही.
एकदा तर सुई मी मुद्दाम जोरात टोचली.
त्या "आई गं" म्हणाल्या नाहीत, म्हणून आणखी राग आला.
हे कुठल्या अध्यायात लिहिलंय?

उपकारस्तुतीच्या रविवारी लोक
भोपळे आणतात, ऊस, कोंबड्या, कुणी पाचशेची नोट.
यंदा आईंनी डबा दळून आणायला लावला.
चक्कीवाला हसला, इतना सा?
गहू, हरभरा, सोयाबीन, सगळं एकात?
एकच भाकरी झाली, कडा फाटलेली.
वेदीपुढे ठेवायला मी उठले
तर त्यांनी माझी ओढणी ओढली.
"तिथे नको. ही तुझ्या पायांची आहे."
आणि पाळकसाहेब डोळे मिटून आशीर्वाद देत असताना
बाकावर बसल्या बसल्या
अर्धी मोडून माझ्या हातात दिली.

जरा कच्चीच होती.
दाताखाली मंडीची माती करकरली.
त्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, बघत होत्या.
कुजबुजल्या,
मीठ बरोबर आहे ना?