चार फुटांपासून पुढे

बाबांनी कॅमेरा आणला तेव्हा खोक्यात
एक घडीचा कागद होता. त्यातलं एकच वाक्य
आम्हाला पाठ झालं, गंमत म्हणून:
चार फुटांपासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट.
अनंत म्हणजे सावद्यात
स्टेशन रोडच्या पलीकडची केळी,
आणि त्याही मागे, धूळ बसलेली असली तर, सातपुडा.

डोळा लावायचा, दाबायचं. बस.
भिंग फिरवणं नाही, उन्हाचा हिशेब नाही.
“बकरीचा पाय पडला तरी निघतो फोटो,” बाबा म्हणायचे,
आणि आम्हाला बटणाला बोट लावू द्यायचे नाहीत.
छत्तीस म्हणजे छत्तीस.
केळी ग्रुपवर वजनाची पावती फाडावी
तसा ते रोल लिहायचे, वहीच्या मागच्या पानावर:
सात – मळ्यात भरीत, आत्या घास घेताना.
आठ – कूलरमध्ये पाणी ओतताना हिची पाठ.
नऊ – वाया. अंगठा.

मे महिन्यात कपाटाचं लोखंड हाताला भाजायचं,
म्हणून रोलची डबी माठाजवळ,
ओल्या फडक्यापासून वीतभर लांब.
भरला की कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीतून
तो भुसावळला जायचा,
आठ दिवसांनी आम्ही परत यायचो
पाकिटातून, थोडे लालसर होऊन.

एकोणीस – हेमू, नवी सायकल.
एक पाय जमिनीला पुरत नाही,
उन्हाने डोळे मिटलेले.
मागे, नळाच्या ओट्यापाशी,
डोक्यावर केळीच्या पानांचा भारा घेऊन
एक बाई थांबली आहे.
फोटोत आपण येऊ नये
म्हणून थांबली आहे.

वहीत तिचं नाव नाही.

भारी कॅमेरा असता तर त्याने निवड केली असती,
हेमूला पुढे ठेवून तिचा हिरवट धूर केला असता.
आमच्या डबड्याला माणसांतलं लहानमोठं कळत नव्हतं.
सायकलची घंटी जितकी लख्ख
तितकाच तिच्या हातातला विळा,
तितकाच पदराचा उसवलेला काठ.

दिवाळीनंतर नूरजान तडवी आली,
यावलच्या दवाखान्यात नर्स आहे.
चहा निवला तरी कप उचलला नाही.
“तुमच्या हेमूभाऊच्या सायकलमागे
माझी माय आहे, असं मावशी सांगायची.”
माय गेली तेव्हा ती तीन वर्षांची. कावीळ.
कार्डावर फोटो लागायचे दिवस
अजून यायचे होते.

अल्बमचं प्लास्टिक चिकटून बसलं होतं.
ओढलं असतं तर चेहराच सोबत आला असता.
मग निगेटिव्ह काढल्या,
बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट,
आणि बाबांच्या वहीवरून मोजत गेले
सतरा, अठरा.

“हेमूला कापून टाकू,” मी म्हटलं,
“नुसती माय मोठी करून घे.”
“नको ताई. सायकल राहू द्या.
नाही तर ती काबरं थांबली
ते कसं कळंल?”

तपकिरी पट्टी तिने खिडकीशी धरली,
कडेला दोन बोटांत, इंजेक्शन धरावं तशी.
निगेटिव्हमध्ये आभाळ काळं असतं
आणि काळे केस पांढरे.
बाहेर केळीचा ट्रक मागे घेत होते,
क्लीनर पत्र्यावर हात आपटत होता,
येऊ दे, येऊ दे.

“म्हातारी दिसते,” ती म्हणाली.

मग पट्टी उलटी करून
पुन्हा बघितली.