शेरा

रेकॉर्ड रूममध्ये वाळवीला आधी उर्दू सापडतं.
फसली तेराशे नऊचं रजिस्टर,
पाठ पोखरलेली, कातड्याची बांधणी सुटलेली.
पहिलं पान गफूर मास्तर वाचून सांगतात:
मोहताजखाना, कसबा उदगीर.

मास्तर रिटायर होऊन अकरा वर्षं झाली.
दर मंगळवारी मी त्यांना चहा पाजतो,
ते मला सव्वाशे वर्षांपूर्वीची उपाशी माणसं
वाचून दाखवतात,
उजवीकडून डावीकडं.

नंबर. नाव. जात. मौजे.
थोराला जवारी अर्धा शेर, वर मीठ-मिरची.
दहाच्या आतलं लेकरू असेल तर निम्मं,
आणि वय कुणाला ठाऊक नसायचं,
म्हणून तोंड उघडून दात मोजायचे.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.

शेऱ्यात तीनच शब्द पुन्हा पुन्हा.
फौत, म्हणजे मेला.
रवाना, म्हणजे पाऊस पडल्यावर
हातावर दोन आणे ठेवून गावी धाडला.
आणि फरार.

फरार काहून, मास्तर?
इथं तर खायला भेटत होतं.
मास्तरांनी बशीतला चहा संपवला,
मिशी पुसली.
गळ्यात पत्र्याचा बिल्ला होता, बाबा,
अन् दिवस मावळला की
दाराला बाहेरून कडी.

नंबर दोनशे सतरा.
नाव: सांगत नाही.
जात: सांगत नाही.
मौजे: सांगत नाही.
सोबत मुलगी, दुधाचे दात.
काम: वाकळा शिवते, चांगल्या.
चार पानं उलटल्यावर मुलगी फौत.
त्याच तारखेला आई फरार.
तिथं मुन्शीनं रकाना सोडून
समासात एक ओळ जास्तीची लिहिली आहे:
बिल्ला उंबऱ्यावर ठेवून गेली. वाकळ नेली नाही.

त्यापुढं नऊ दिवस
दोनशे सतराचा अर्धा शेर खर्ची पडत राहिला.
मुन्शीनं खाल्ला असंल, मी म्हणालो.
असंल, मास्तर म्हणाले.
नाहीतर दारात ठेवत असंल रोज.
कुत्र्यानं खाल्ला असंल.
दहाव्या दिवशी त्या ओळीवर काट मारली आहे,
आणि शाई तिथं जरा जास्त सांडली आहे.
त्यावरून काही सिद्ध होत नाही.

खाली निराधारच्या खिडकीवर गलका वाढला
म्हणून उतरलो.
धुरपताबाईंचा अंगठा उठेना.
हयातीचा दाखला होता, मार्चअखेर होती,
मशीन तांबडा दिवा लावून तेच तेच सांगत होतं.
डोक्याला घास मावशी, तेल लागू दे, पोरगा म्हणाला.
तिनं घासला.
पदराला पुसला.
पुन्हा तांबडा.

बहात्तरला खडी फोडली ना बापा,
तवाच गेलं अंगठ्याचं, ती म्हणाली,
सुकडीच्या रांगेत बी शाई उमटत नव्हती.
पर वाढणारी बाई तोंड बघून वाढायची.
मग मशीनकडं वाकून,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं:
मी हाय म्हनलं की! समोर तर हाय!

मी तिला वर आणलं.
मास्तरांनी खुर्ची दिली, स्वतः गठ्ठ्यांवर बसले.
हातानं भरायचा जुना फॉर्म असतो,
साहेब तो घेत नाहीत, तरी असतो.
नाव तिनं सांगितलं, नवऱ्याचं मी विचारलं नाही,
गावही तिनं सांगितलं, नाल्यापलीकडची वस्ती धरून.
शेऱ्यात लिहिलं:
अंगठा जुळत नाही. समक्ष पाहिली. बोलली.

काय लिवलं? वाच बरं.
मी वाचलं.
तिनं थोडा विचार केला,
कपाकडं बोट दाखवलं.
च्या पिली, ते बी लिव.

रकान्यात जागा नव्हती.
समासात लिहिलं.