जावक

स्टोअरच्या रजिस्टरात दोन रकाने असतात,
आवक आणि जावक.
सोळा वर्षं मीच भरते.
खंडेनवमीच्या जावकेत दरवर्षी तीच ओळ:
थर्माकोलच्या डिश सहाशे, ग्लास सहाशे,
चमकीच्या झिरमिळ्या, प्लास्टिकची आंब्याची पानं,
खर्ची पडले.
कुठं पडले, असा रकाना
कुणी आखलेलाच नाही.

ऑगस्टात कृष्णा चढली,
उतरली तेव्हा सांगलवाडीच्या मळीत
बाभळीच्या शेंड्याला
आमचा गेल्या दसऱ्याचा बॅनर लटकत होता.
शुभेच्छा धुऊन गेलेल्या,
साहेबांचा फक्त डावा गाल शाबूत.
दस्तगीर फिटरनं फोटो आणला.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर होता.

मगदूम साहेबांनी बोलावलं.
"बिरनाळे मॅडम, यंदा काहीतरी करा."
बंद क्रेनबद्दलही ते एवढंच बोलतात.

मग मी केलं.
शिराळ्याहून पत्रावळी मागवल्या,
बायकांनी हिरकुटांनी टाचलेल्या.
एसटीच्या टपावरनं आल्या,
निम्म्या दमट,
आणि आमटी वाढताच तीन टेबलांखाली ओघळ.
आम्ही पंपाची केसिंगं ओततो,
एकूण एक पाण्याच्या दाबावर तपासून पाठवतो.
दस्तगीर पान वर धरून म्हणाला,
"काय ओ मॅडम, हायड्रो टेस्टला फेल!"
मी दुहेरी पान लावायला सांगितलं.
भाताचं आळं करून आमटी आत अडवायची,
हे आमच्या इंजिनिअर पोरांना
शोभाताईनं शिकवलं.

झेंडू कवठेपिराणचा.
लेथच्या चकवर, ड्रिलच्या मानेला, भट्टीच्या कठड्याला.
संध्याकाळी तो खतात टाकणार, असं मी ठरवलेलं.
पण यंत्राला वाहिलेलं फूल
यंत्राचं तेल पितं,
हे माझ्या कागदावर नव्हतं.
शोभाताई उकिडवी बसून
एकेक माळ हुंगत होती:
हे कोरडं, खड्ड्यात.
हे तेलकट, नको, गांडुळं मरतील.
अंधार पडला तरी तिचं निवडणं संपेना.
तेलकट ढीग मोठा निघाला.

भेट म्हणून तासगावचा बेदाणा, अर्धा किलो,
जुन्या युनिफॉर्मच्या पिशव्यांत.
खाकी, तीनदा उकळलेलं कापड,
तरी ग्रीसचा ढग राहिलाच.
एका पिशवीवर खिसा तसाच शिवलेला,
खिशावर निळ्या दोऱ्यात: र. कोष्टी, फेटलिंग.
कोष्टी मार्चमध्ये निवृत्त झाला,
इचलकरंजीला लेकीकडं असतो.
ती पिशवी एका ट्रेनीला गेलेली.
फेटलिंगचा म्हातारा हंबीर
आपली कोरी पिशवी घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला,
काही बोलला नाही.
पोरानं बदलून दिली.

सगळं असं बरं चाललेलं,
तेवढ्यात गेटवर टेम्पो.
वीस बाय दहाचा फ्लेक्स.
"प्लास्टिकमुक्त खंडेनवमी",
आणि बाजूला साहेब,
या वेळी दोन्ही गालांसकट.
ऑफिसातल्या कुणीतरी परस्पर ऑर्डर दिलेली.

आधी कुणीच हसलं नाही.
मग शोभाताईच्या नाकातनं एक आवाज निघाला
आणि अख्खं फेटलिंग फुटलं.
साहेब टोपी हातात घेऊन बघत राहिले
स्वतःकडं.
म्हणाले, "छापलाय तर लावा."
जरा वेळानं,
"नको. राहू दे."

आता तो साच्याच्या वाळूवर आहे,
पावसापासून झाकण म्हणून, पालथा.
वाळूचे ओले दाणे साहेबांच्या नाकात जात असतील.
आवकेत मी लिहिलं: फ्लेक्स, नग एक.
जावकेचा रकाना कोरा.
ऑडिटर विचारतो, हे अर्धवट का?

त्याला बाभळ दाखवायला हवी.
फोटो अजून आहे माझ्याकडं.